झोडणीचं संगीत

आमच्या गाडीत एक दंडक आहे. जो गाडी चालवील, त्यानं गाणी निवडायची. हा दंडक मीच घातला होता, गाडी मी चालवत होतो तेव्हा. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंग मुलाच्या हाती गेलं आणि दंडक माझ्यावरच उलटला. यंदा होळीनंतर आम्ही दोघे ठाण्याहून मोखाड्याचा बोहाडा पाहायला निघालो, तेव्हा घोडबंदरपासून मनोरपर्यंत त्यानं माझ्या वयाचा मान राखून कुमार गंधर्व लावले. मनोरला महामार्ग सोडला, विक्रमगडचा रस्ता धरला आणि तो म्हणाला, "बाबा, आता माझी पाळी."

पहिलं अर्धं मिनिट मला वाटलं, गाडीचंच काहीतरी तुटलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे गिअर बदलत होता, म्हणजे गाडी ठीक होती. मग लक्षात आलं की हा आवाज मी पूर्वी ऐकलेला आहे. २००४ साली आमच्या दीड खोल्यांच्या घरात, बंद दाराआडून. तेव्हा मी दार उघडून टेप बंद केला होता आणि वर, "हे संगीत नाही, ही मारामारी आहे," असं ऐकवलंही होतं. चालत्या गाडीत मात्र उघडायला दार नसतं.

जे वाजत होतं ते 'एज ऑफ कॅलॅमिटी', म्हणजे आपत्तीचं युग. मुंबईतल्या 'सेप्टर' नावाच्या वाद्यवृंदाचा पहिला पूर्ण अल्बम, २०१३ सालचा. संगीताचा प्रकार थ्रॅश मेटल, आणि तोही जुन्या वळणाचा. वाचकहो, रविवारच्या सकाळी पोह्यांची बशी हातात असताना हा विषय काढल्याबद्दल आधीच माफी मागतो. पण तुमच्या घरातही एखादं बंद दार असेल, म्हणून काढला.

'थ्रॅश' या इंग्रजी शब्दाचा अर्थ झोडपणं. मळणीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. मी जव्हारला होतो तेव्हा दिवाळीच्या सुमारास खळ्यांवर भाताची झोडणी चाललेली असे. पेंढी डोक्यावर न्यायची, फळीवर आपटायची, पुन्हा न्यायची. पाच-सहा माणसं एकदम झोडायला लागली की त्याला आपोआप एक ताल येतो, आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, कुठे भांडण तर नाही जुंपलं! मुलानं मला थ्रॅशमधली गिटार समजावून सांगितली, ती ऐकताना हीच झोडणी डोळ्यांपुढे आली. उजव्या हाताच्या तळव्यानं तारा दाबून धरायच्या, म्हणजे नाद लांबत नाही, खट्‌ दिशी तुटतो. आणि वरून खाली असे एकाच दिशेचे आघात अतिशय वेगानं करायचे. खाली ढोल दोन्ही पायांनी वाजवायचे. गायकानं गायचं नाही, ओरडायचं, पण तालात. विक्रमगड येईपर्यंत मला एवढं कळलं की या गोंधळात कोणीही चुकत नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हिशेब जुळलेला लगेच कळतो.

हा प्रकार जन्मला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. 'मेटॅलिका'चा पहिला अल्बम १९८३चा, 'स्लेयर'चा त्याच वर्षीचा, 'अँथ्रॅक्स'चा १९८४चा आणि 'मेगाडेथ'चा १९८५चा. 'मेटॅलिका'च्या अल्बमची कथा मला आमच्या धंद्यातली वाटली. न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात तबकड्या विकणारा जॉन झझुला नावाचा एक दुकानदार. त्यानं या पोरांची एक टेप ऐकली. मोठ्या कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा त्यानं आणि त्याच्या बायकोनं उसनेपासने पैसे उभे केले, स्वतःचीच कंपनी काढली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी मुद्रण करून घेतलं. अल्बमला पोरांनी आधी दिलेलं नाव इतकं अश्लील होतं की वितरकांनी कानावर हात ठेवले, ते बदलावं लागलं. झझुलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो पहिल्या पानावरच नामंजूर केला असता. तारण काय? काही नाही. परतफेडीची क्षमता? शून्य.

हे मी गमतीनं लिहीत नाही. २००४ साली मुलगा कॉलेजात असताना त्यानं माझ्याकडे ड्रम्सचा जुना संच घेण्यासाठी तीस हजार रुपये मागितले होते. फेडीन म्हणाला होता. मी विचारलं, "तारण काय देणार?" आम्ही दोघेही हसलो. त्यानं पुन्हा मागितले नाहीत.

'सेप्टर' सुरू झालं १९९८ साली, आणि पहिला पूर्ण अल्बम आला २०१३ साली. पंधरा वर्षं! मधल्या काळात माणसं बदलली. धोबीतलावच्या रंगभवनात, जिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'सारखे जलसे भरत आणि या पोरांना उघड्या आभाळाखाली आपलं वाजवता येई, तिथले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांपायी थांबले. मेटलमध्येही नवनव्या फॅशन आल्या. ढोलावर अनिकेत वाघमोडे, गिटारवर गिलरॉय फर्नांडिस, ही नावं वाचूनच ही मुंबईची मिसळ आहे हे कळतं; पण त्यांनी आपली तऱ्हा बदलली नाही. २०१३ साली हे संगीत तीस वर्षांचं जुनं झालेलं होतं. आज कोणी हौसेनं संगीत नाटक बसवावं आणि त्यात एकही पद गाळू नये, तसलाच हा हट्ट. या संगीतावर आपल्याकडे घर चालत नाही. पोट नोकरीवर, तालीम शनिवार-रविवारी. मी माझ्या कादंबऱ्या अशाच लिहिल्या, म्हणून या रविवारांची किंमत मला ठाऊक आहे.

अल्बमचा रोख स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांकडे आहे. डिसेंबर २०१२ मधली दिल्लीची ती रात्र कोणी विसरलेलं नाही. त्यानंतरच्या वर्षी हा अल्बम आला. शब्द मला ऐकून कळले नाहीत, हे कबूल करतो. विक्रमगडच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा मुलानं मोबाइलवर काढून दाखवले. सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत. एकच चढा आवाज शेवटपर्यंत राहतो, आणि माझ्यासारख्याला मधे कुठे तरी सावलीत बसावंसं वाटतं. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली. या विषयावर मी दोन लेख आणि एक कथा लिहिली आहे. दोन्ही लेखांत 'अंतर्मुख व्हायला हवे' हे शब्द आहेत. या पोरांनी अंतर्मुख व्हायला नकार दिला आहे.

संताप मराठीला नवा नाही. तुकोबांची जीभ किती तिखट होती, ते गाथा उघडणाऱ्याला माहीत आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह 'गोलपिठा' आला, तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती आणि तरीही सभ्य घरांत तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून नेला जाई. मी स्वतः कॉलेजात असताना तो असाच वाचला. पहिल्या पुस्तकाला जो राग परवडतो तो पुढे परवडत नाही. पुढे पुरस्कार येतात, अध्यक्षपदं येतात, बिचारा राग अंग चोरून बसतो. माझ्या बाबतीत तर तो पहिल्याही पुस्तकात आला नाही. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

१९९० ते १९९३ मी जव्हारच्या शाखेत होतो. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. मुकणे राजांचं हे जुनं संस्थान, जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंटवरून दिसणारी दरी, पावसाळ्यात चार-चार दिवस न उचलणारं धुकं. माझ्यासारख्या होतकरू लेखकाला आणखी काय हवं होतं! दिवसा एकात्मिक ग्रामीण विकास योजनेची कर्जं, म्हणजे शेळ्या, बैलजोड्या, क्वचित एखादं शिलाई मशीन. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कादंबरी.

१९९२ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं मेली. शंभराहून अधिक. मुंबईहून वार्ताहर आले, मंत्री आले, लाल दिव्यांच्या गाड्यांनी बाजारपेठेचा रस्ता भरून गेला. त्याच दिवसांत एक माणूस शाखेत पैसे काढायला आला होता. त्याचं गाव मी विचारलं नाही. पैसे काढण्याच्या स्लिपवर मी त्याचा अंगठा घेत होतो. तो खाली बघत म्हणाला, "सायेब, पोर गेली." जणू पाऊस लागला म्हणावं, तसं. मी "अरेरे" म्हणालो. मग स्लिपकडे पाहिलं. अंगठा नीट उमटला नव्हता, रेषा दिसत नव्हत्या. मी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि त्याला दुसऱ्यांदा अंगठा लावायला लावला.

नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं. आजही कोणी तपासणी केली तर ती स्लिप निर्दोष निघेल.

माझी पहिली कादंबरी १९९४ साली आली. तिच्यात जव्हार आहे. पाऊस आहे, दाभोशाचा धबधबा आहे, मोहाच्या फुलांचा वास आहे, बदलीवर आलेल्या एका कारकुनाचं न जुळलेलं प्रेम आहे. समीक्षकांनी 'संयत' म्हणून गौरव केला. तो शब्द मला तेव्हा फार आवडला होता. कादंबरीत वावर-वांगणी नाही. तो अंगठा नाही. मला ते आठवत नव्हतं असं नाही. ते आलं असतं तर भाषा बिघडली असती, म्हणून मी ते येऊ दिलं नाही. सुरात न बसणारी गोष्ट बाहेर ठेवायची, हे मी शिकलेलं संगीत होतं.

पुढे २०१३ साली मुलगा कमावता झाला होता. एके संध्याकाळी त्यानं 'सेप्टर'ची सीडी माझ्या टेबलावर ठेवली. "बाबा, एकदा ऐका. तुमच्या पहिल्या पुस्तकासारखाच हा त्यांचा पहिला आहे." मी ती भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांबरोबर खणात ठेवली. तुमच्या पहिल्या पुस्तकासारखा, हे मी कौतुक समजलो होतो.

इंग्रजीच का, असा प्रश्न मी त्याला गाडीत विचारला. मराठी लेखकाला तो विचारावाच लागतो. त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी मला न्यूझीलंडला नेलं. 'एलियन वेपनरी' नावाचा वाद्यवृंद हेन्री आणि लुईस डी याँग या दोघा भावांनी २०१० साली सुरू केला, तेव्हा ते दहा आणि आठ वर्षांचे होते. त्यांचा पहिला अल्बम 'तू' २०१८ साली आला. त्यातली कितीतरी गाणी माओरी भाषेत आहेत. एक माओरींच्या जमिनी जप्त करणाऱ्या १८६३च्या कायद्यावर, एक १८६४ मधल्या लढाईवर. जप्तीचा कायदा ढोल बडवून सांगायची कल्पना मला महसूल खात्यात पाठवावीशी वाटली. आणि ब्राझीलच्या 'सेपुल्तुरा'नं १९८६ मधल्या पहिल्या अल्बमात अमेरिकन-युरोपियन वळण गिरवलं, पण १९९६च्या 'रूट्स'साठी ते माटो ग्रोसोतल्या शावांते आदिवासींकडे गेले आणि त्यांच्यासह गायले-वाजवले. म्हणजे दहा वर्षं झोडल्यावर त्यांना आपल्याच देशातलं जंगल सापडलं.

जव्हार मुंबईपासून तीन-साडेतीन तासांवर आहे. मुंबईच्या नळाला येणारं काही पाणी मोखाड्याच्या डोंगरांतलं आहे. मध्य वैतरणेचं धरण याच तालुक्यात कोचाळ्याला बांधलं, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाणी खाली गेलं, तसा इथला आवाजही कधी तरी खाली जाईल का, असं माझ्या मनात आलं. मी ते बोललो नाही. मुंबईकरांनी आदिवासींचा आवाज उचलून नेणं यातही एक धरण बांधल्यासारखंच आहे. ओरडायचं असेल तर इथल्या पोरांनी, आपल्या बोलीत. वाटलं तर गिटार घेऊन.

ध्वनिमुद्रिका हीच काही कलेची पावती नव्हे, हेही जव्हारलाच कळतं. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतात. वाळवलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून हे वाद्य घडतं. श्वास तुटू न देता ते फुंकायचं, आणि नाचणाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ न करता फेर धरायचा. त्यांचं नाव २०२६च्या पद्मश्रीच्या यादीत आलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. मी तीन वर्षं त्यांच्या तालुक्यात राहिलो. तारपा ऐकला, कादंबरीत एका परिच्छेदात वापरलाही. वाजवणाऱ्याचं नाव विचारलं नाही. गावं आणि नावं न विचारण्यात मी अगदी नियमित होतो.

मोखाड्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, हा देवांइतकाच राक्षसांचा उत्सव आहे. रात्रभर एकेक सोंग बाहेर पडतं. गणपती, सरस्वती, मग रावण, त्राटिका, नरसिंह. मुखवटे मोठे, डोळे वटारलेले, जिभा बाहेर. कुठलं सोंग कोणी घ्यायचं हे घराण्यांत ठरलेलं असतं. आजोबांचा राक्षस नातवाकडे येतो. पुढे संबळ आणि पिपाणी. पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात नाचत, आता हॅलोजन लावतात. आयांच्या कडेवर पोरं असतात, थोडी भेदरतात, थोडी झोपतात.

मेटलच्या तबकड्यांवरची कवट्या आणि सैतानांची चित्रं पाहून मी एकेकाळी बायकोला म्हणालो होतो की मुलगा बिघडणार. त्याच मुलाला १९९२च्या होळीनंतर, पाच वर्षांचा असताना, मी खांद्यावर बसवून याच गर्दीत त्राटिका दाखवली होती. तेव्हा काही बिघडेल असं वाटलं नव्हतं. राक्षसाला वर्षातून एकदा गावाच्या मध्यभागी नाचू द्यायचं, त्याला वाद्य द्यायचं, त्याच्याकडे टक लावून पाहायचं, ही मोखाड्याची रीत. आमच्या शाखेत, आमच्या साहित्यात आणि आमच्या दीड खोल्यांत ती नव्हती.

पहाटेकडे जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध सुरू झालं. संबळ चढत गेला. संबळ म्हणजे दोन जोडलेले ढोलके, एका हातात वाकडी काठी, दुसऱ्यात सरळ. तो वेग मी पूर्वीही ऐकला होता, पण या वेळी आदल्या दुपारचं माझ्या कानांत होतं. मी मुलाकडे पाहिलं. तो सोंगांकडे पाहत नव्हता. संबळवाल्याच्या मनगटांकडे पाहत होता, आणि त्याची बोटं मांडीवर चालली होती, पायांच्या टाचाही.

उजाडल्यावर वाजवणारे चहाला बसले. मुलगा त्यांच्यात जाऊन बसला. वाकडी काठी कशाची करतात, चामडं कधी तापवायचं, डावा हात थकत नाही का, असं बरंच विचारत होता. संबळवाले दादा पन्नाशीचे असतील. त्यांनी काठी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "तुम्ही वाजवता का?"

मुलानं काठी उलटीपालटी करून पाहिली.

"नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "वाजवायचं होतं."

परतताना विक्रमगडच्या रस्त्यावर मी त्याला तो अल्बम पहिल्यापासून लावायला सांगितलं. त्यानं लावला, आणि सवयीनं आवाज कमी केला. मी हात पुढे करून तो पुन्हा होता तिथे नेला.